आजीच्या ओव्या टेपवर का वाजेनात?

या सदराच्या टपालात नाना तऱ्हेचे प्रश्न येतात. मुंगी झोपते का, विमान उलटं उडू शकतं का, एक ना दोन! उत्तराला पंधरा दिवस उशीर झाला, तरी मुंगी काही रागवत नाही. पण दिवाळीनंतर आलेलं एक पत्र असं होतं, की ते पुरतं वाचायच्या आधीच मी फोनकडे धावलो.

पत्र होतं सोलापूर जिल्ह्यातल्या वेळापूरचं. लिहिणारी आठवीतली मुलगी. ती लिहिते, "काका, आमच्या आण्णांची जीप आहे. वेळापूर ते अकलूज वडाप करतात. जीपच्या टेपला पेनड्राइव्ह लावतो. त्यात दोनशे गाणी आहेत, ती सगळी वाजतात. पण माझ्या आजीच्या ओव्यांच्या तीन फायली त्यातच आहेत, त्या वाजत नाहीत. टेप त्यांना सोडून पुढच्या गाण्यावर जातो. आजी दोन वर्षांपूर्वी वारली. तिचा आवाज दुसरीकडे कुठेच नाही. ज्या फोनवर काढला होता तो चुलत्यांचा फोन विहिरीत पडला. दुकानातले दादा म्हणतात, पेनड्राइव्ह फॉरमॅट करावा लागेल. आण्णा रविवारी जाणार आहेत. करू द्यायचा का?"

खाली फोन नंबर होता म्हणून बरं! त्या दिवशी शुक्रवार होता. मी फोन लावला आणि नमस्कार-चमत्कार बाजूला ठेवून पहिलं वाक्य बोललो, "फॉरमॅट करू नका, आणि आण्णांना सांग, तो पेनड्राइव्ह डब्यात घालून ठेवा."

का बरं इतकी घाई? फॉरमॅट म्हणजे काय, ते आधी बघू. पेनड्राइव्हच्या पोटात तुमच्या वर्गासारखीच व्यवस्था असते. मुलं बाकांवर बसलेली असतात आणि कोण कुठल्या बाकावर, ते हजेरीपटात लिहिलेलं असतं. टेपला एखादं गाणं हवं असलं की तो आधी हजेरीपट उघडतो, बाकाचा नंबर बघतो आणि मग तिथे जातो. फॉरमॅट करताना हा हजेरीपट कोरा करतात. घाईचं फॉरमॅट असेल तर मुलं बाकांवर तशीच असतात, पण आता त्यांना नावानं कोणी ओळखत नाही. त्यातच नवी गाणी भरली की नवी मुलं येऊन त्याच बाकांवर बसतात आणि जुनी कायमची जातात. पूर्ण फॉरमॅट केलं तर बहुतेक वेळा बाकंही पुसून निघतात.

हजेरीपट लिहायच्या पद्धतीही निरनिराळ्या आहेत. गाडीतल्या बहुतेक टेपना 'फॅट ३२' नावाची पद्धत वाचता येते. ही १९९६ सालची. संगणकावर चालणाऱ्या 'एनटीएफएस' आणि 'एक्सफॅट' या पद्धती पुष्कळ टेपना कळत नाहीत. असा पेनड्राइव्ह लावला, की टेप त्यात काहीच नाही असं सांगून मोकळा होतो. दुकानातल्या दादांनी अशा शेकडो तक्रारी फॉरमॅट करून मिटवल्या असतील, म्हणून त्यांनी तेच औषध सांगितलं. त्यांचा हेतू वाईट नव्हता.

पण आता तुम्ही डोकं चालवा. इथे हजेरीपट बिघडला होता का? मुलीनं काय लिहिलं होतं? बाकीची दोनशे गाणी वाजतात! म्हणजे टेपला हजेरीपट नीट वाचता येत होता. रोग तिथे नव्हताच. तीनच मुलांचं काहीतरी वेगळं होतं.

पुढे जानेवारीत मला पंढरपूरला जायचं काम निघालं. वेळापूर त्याच रस्त्यावर. आषाढी वारीत ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीचा मुक्काम असतो तेच हे गाव. अर्धनारी नटेश्वराचं जुनं दगडी देऊळही इथलंच. जानेवारीत मात्र या रस्त्यावर राज्य असतं उसाचं. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर कारखान्याकडे निघालेले, आणि प्रत्येकावर गाणी ठणाणत असतात! ट्रॅक्टर दिसायच्या आधी गाणं ऐकू येतं. रात्रभर जागून गाडी हाकायची तर झोप उडवायला काहीतरी हवं, हे मला कळतं. पण मागून येणाऱ्या गाडीचा हॉर्न त्या बिचाऱ्या ड्रायव्हरला कसा ऐकू येणार, हे काही कळत नाही. असो.

मुलीच्या घरी पोचलो, तर जीप अंगणातच उभी. एका जीपमध्ये इतका इतिहास असतो, हे मला माहीत नव्हतं. आण्णांनी आसनाखालची पत्र्याची पेटी काढली आणि एकेक वस्तू माझ्यापुढे मांडली.

पहिली होती कॅसेट. ही फिलिप्स कंपनीनं १९६३ साली काढली. तिच्यातल्या फितीवर चुंबकीय कण असतात. गाणं त्या कणांच्या चुंबकपणात कमी-जास्त होऊन बसलेलं असतं. फीत टेपच्या 'हेड'समोरून सरकली, की हेडमध्ये तसातशी बारीक वीज उमटते आणि स्पीकरपर्यंत जाते. जीपमध्ये आज कॅसेटचा मागमूस नाही, तरी आण्णाच काय, सगळं वेळापूर त्या यंत्राला 'टेप'च म्हणतं. फीत गेली, नाव राहिलं!

दुसरी वस्तू गमतीची. दिसायला कॅसेट, पण आत फीतच नाही आणि बाजूनं शेपटीसारखी वायर बाहेर आलेली. ती फोनला जोडायची आणि कॅसेट टेपात सारायची. हिच्या पोटात फितीच्या जागी एक चिमुकलं हेड असतं, ते बरोबर टेपच्या हेडसमोर येतं. फोनमधून आलेली वीज त्यात चुंबकपणाच्या लाटा उठवते. समोरच्या हेडला वाटतं, फीतच चालली आहे! चक्क फसवणूक, पण कुणाचं काही न बिघडवणारी.

तिसरी वस्तू बारा व्होल्टच्या भोकात खुपसायची. तिच्यात मेमरी कार्ड घातलं, की ती स्वतःच छोटं रेडिओ केंद्र होते आणि ८८ ते १०८ मेगाहर्ट्‌झमधल्या एखाद्या मोकळ्या जागी गाणं सोडते. टेपचा रेडिओ त्याच जागी लावायचा. "पण अकलूजच्या स्टँडवर शेजारच्या जीपनं तोच नंबर लावला, की आमच्यात त्यांची गाणी वाजायची," आण्णा म्हणाले. "पाशिंजर म्हणायचे, आवो बदला की हे गाणं! बदलणार काय, कपाळ?"

आणि चौथा, सध्या जीपमध्ये बसवलेला पेनड्राइव्हचा टेप.

आता, या चार वस्तूंकडे बघून मी मुलीला एक प्रश्न विचारला. तुम्हीही उत्तर द्या. फाइलमधलं गाणं उलगडून त्याचा आवाज करायचं काम प्रत्येक वेळी कोण करतं?

शेपटीच्या कॅसेटमध्ये ते काम फोन करतो. टेपकडे येतो तो तयार आवाज. रेडिओवाल्या वस्तूत ती वस्तूच करते. टेपला पुढे 'ऑक्स'चं भोक असतं, त्यात वायर लावली तरी फोनच करतो. ब्लूटूथवरही तेच. फोन फाइल उलगडतो आणि आवाज हवेतून टेपकडे पाठवतो. पण पेनड्राइव्ह? त्याला बिचाऱ्याला काहीच येत नाही. ते नुसतं दप्तर. त्यातली फाइल वाचायची, समजून घ्यायची आणि तिचा आवाज करायचा, हे सगळं टेपच्या आतल्या चिपला करावं लागतं. आणि ती चिप शिकलेली असते तेवढंच तिला येतं. आमच्या शाळेत एक मास्तर होते, त्यांना पुस्तकातलं सोडून दुसरं गणित घातलं की ते म्हणायचे, "पुढचं घ्या." टेप अगदी तेच करत होता!

मग आम्ही आत जाऊन मुलीच्या भावाचा संगणक लावला. सर्वांत आधी काय केलं असेल? पेनड्राइव्हमधल्या तिन्ही फायली संगणकावर उतरवून घेतल्या. मग आणखी एका पेनड्राइव्हवर. त्यानंतरच पुढच्या उद्योगाला हात घातला. एकुलत्या एका वस्तूवर प्रयोग करायचा नसतो.

फायलींच्या नावांच्या शेवटी होतं 'एमपीथ्री'. अरेच्चा! हे तर टेपला येतं. मग अडलं कुठे? तेवढ्यात भाऊ जरा मान खाली घालून म्हणाला, "काका, ते मीच बदललं. आधी शेवटी 'एएमआर' होतं. म्हटलं, नाव बदलल्यावर वाजेल."

मिठाच्या बरणीवर 'साखर' अशी चिठ्ठी चिकटवली तर चहा गोड होईल का? फाइलच्या नावाचं शेपूट म्हणजे नुसती चिठ्ठी. आत काय आहे ते बघायचं असेल तर एक सोपी युक्ती सांगतो. फाइलची प्रत घ्या (मूळ फाइल नको, प्रत!) आणि ती 'नोटपॅड'मध्ये उघडा. पडद्यावर सगळा गोंधळ दिसेल, चौकोन, चिन्हं, काहीबाही. पण अगदी पहिल्या ओळीच्या सुरुवातीला बघा. आम्ही बघितलं, तर तिथे स्पष्ट अक्षरं होती 'एएमआर'. गाण्याची खरी एमपीथ्री फाइल उघडली तर तिथे बहुधा 'आयडी-थ्री' असं दिसतं. चिठ्ठी बदलली तरी पोटातली खूण बदलत नाही.

आता या दोन जातींत फरक काय, ते सांगायला थोडं आकड्यांत शिरावं लागेल. कंटाळू नका, पुढे गूळ आहे.

आवाज म्हणजे हवेची लाट. ती संगणकात भरायची तर ठरावीक वेळानं तिची उंची मोजायची आणि आकडे लिहून ठेवायचे. ऑडिओ सीडीवर सेकंदाला ४४,१०० वेळा मोजतात, तेही डाव्या आणि उजव्या बाजूचं वेगवेगळं. प्रत्येक मोजणीला दोन बाइट जागा. गुणाकार करून बघा: एका मिनिटाला साधारण साडेदहा मेगाबाइट. पाच मिनिटांचं गाणं झालं ५३ मेगाबाइटचं! आठ जीबीच्या पेनड्राइव्हवर अशी गाणी जेमतेम साडेबारा तासांची मावतात.

इथे एमपीथ्री कामाला येतं. तुम्ही कुणी गुऱ्हाळ बघितलंय का? शंभर किलो ऊस घातला, की शेवटी दहा-बारा किलो गूळ हाती येतो. चोयट्या गेल्या, पाणी उडालं, मळी काढून टाकली. एमपीथ्रीही तेच करतं. साध्या, १२८ किलोबिटच्या एमपीथ्रीत पाच मिनिटांचं गाणं ४.८ मेगाबाइटचं होतं. मूळच्या सुमारे अकराव्या हिश्श्याचं! त्याच आठ जीबीत १३८ तासांवर गाणी राहतात.

टाकून काय देतात? कानाला जे ऐकूच येत नाही ते. पालखी गावात आली, टाळ-मृदंग सुरू झाले, की मनगटावरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू येते का? ती चालू असते, पण मोठ्या आवाजाखाली दडून जाते. एका ठोक्यानंतरच्या अगदी थोड्या क्षणातला बारीक आवाजही असाच हरवतो. मग तो लिहून जागा कशाला अडवायची? जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेत कार्लहाइन्झ ब्रांडेनबुर्ग आणि त्यांच्या सोबत्यांनी हे गणित वर्षानुवर्षं घासून-पुसून बसवलं. '.एमपीथ्री' हे शेपूट त्यांनी ठरवलं १४ जुलै १९९५ रोजी. आणि गंमत ऐका: गणित बरोबर बसलं की नाही हे तपासायला त्यांनी जी गाणी वापरली, त्यांत सुझान वेगा या अमेरिकन गायिकेचं 'टॉम्स डायनर' होतं. त्यात वाद्यच नाही, एका बाईचा एकटा आवाज. वाद्यांच्या गर्दीत चुका लपतात, एकट्या आवाजात लपत नाहीत, म्हणून हे गाणं सर्वांत छळणारं! ब्रांडेनबुर्ग यांनी ते पुन्हा पुन्हा ऐकून गणित सुधारलं. आमच्या वेळापूरच्या फायलींतही एका बाईचा एकटा आवाजच होता, हे ऐकून मुलीला फार बरं वाटलं.

आणि एएमआर? ते गाण्यासाठी जन्मलेलंच नाही. ते आहे फोनवरच्या बोलण्यासाठी. त्यात सेकंदाला मोजण्या फक्त ८,०००. नियम असा आहे, की सेकंदाला जितक्या मोजण्या, त्यांच्या निम्म्याहून कमी कंपनांचाच आवाज पकडता येतो. म्हणजे ४,००० च्या वरचं सगळं गळालं. फोनसाठी खालचा खर्जही कापतात. उरतं ते साधारण २०० ते ३,४०० कंपनांच्या मधलं, म्हणजे बोलणं समजायला पुरेल एवढं. शिवाय हे गणित माणसाचा गळा कसा चालतो, हे धरून बसवलेलं. बटणांच्या जुन्या फोनांत आवाज टिपला, की तो पुष्कळदा याच जातीचा व्हायचा, कारण जागा फारच थोडी लागायची. आजीच्या तीन मिनिटांच्या ओवीची फाइल तीनशे किलोबाइटच्याही आत होती. गाडीतल्या टेपच्या चिपला मात्र ही भाषा सहसा शिकवत नाहीत. गाडीत फोनवरचं बोलणं कोण ऐकणार, असं कारखान्याला वाटत असणार.

रोग कळला, मग औषध सोपं. संगणकावर 'व्हीएलसी' नावाचा फुकट मिळणारा प्रोग्राम असतो. आम्ही प्रतींच्या शेपटावर पुन्हा 'एएमआर' लिहिलं, फायली त्यात घातल्या आणि एमपीथ्री करून मागितल्या. मिनिटभराचंही काम नाही. नावं दिली 'ओवी ०१', 'ओवी ०२', 'ओवी ०३', आणि तीही इंग्रजी अक्षरांत. कारण टेपच्या पट्टीवर देवनागरीच्या जागी नुसते चौकोन दिसत होते. एक बारकावा सांगून ठेवतो. पुष्कळ टेप नावाचा क्रम बघतच नाहीत. ज्या क्रमानं फायली पेनड्राइव्हवर उतरवल्या, त्याच क्रमानं वाजवतात. म्हणून सगळ्या एकदम न टाकता एकेक करून ओळीनं टाकल्या.

पेनड्राइव्ह घेऊन सगळे अंगणात आलो. आण्णांनी चावी फिरवली. मुलीनं पेनड्राइव्ह लावला. दोन-तीन सेकंद काहीच नाही. मग खरखर झाली आणि जीपच्या चारही स्पीकरमधून आजी गायला लागली.

कुणी काही बोललं नाही. मुलीची आई स्वयंपाकघरातून पीठ लागलेल्या हातानं बाहेर आली आणि दारातच थांबली. २०१० साली आत्याच्या लग्नात जात्यावर हळद दळताना टिपलेल्या त्या ओव्या. मुलीचा तर तेव्हा जन्मही नव्हता. आवाज थोडा डब्यातून आल्यासारखा, फोनवर लांबून बोलावं तसा. पण शब्द न्‌ शब्द कळत होता.

तिन्ही ओव्या संपल्यावर आण्णा म्हणाले, "आवाज आयचाच हाय. पण सर, जातं कुठं हाय?"

मी पुन्हा लावायला सांगितलं. खरंच, जातं नव्हतंच! आजीच्या आवाजामागे मधूनच काहीतरी चरचरत होतं, पाण्यात बुडाल्यासारखं, बस. ज्याच्या फेऱ्यावर ओवी चालते ती जात्याची घरघर, तिचाच पत्ता नव्हता.

मुलगी म्हणाली, "आपण बदलताना गेली का?"

नाही. आमच्या बदलण्यात ती गेली नव्हती. ती गेली २०१० सालीच, फोनवर टिपली त्या क्षणी. जात्याचा दगडावर दगड फिरतानाचा खर्ज २०० कंपनांच्या खालीच पुष्कळसा असतो, तो फोननं कापला. वरची बारीक खसखस ४,००० च्या वरची, ती मोजलीच गेली नाही. मधलं जे उरलं, त्याला एएमआरचं गणित गळ्याचा आवाज समजून बसवायला गेलं; दगड काही गळ्यासारखा चालत नाही, म्हणून ते चरचरलं. फोनला वाटलं, बाई बोलते आहे ते महत्त्वाचं, मागचा गोंगाट कशाला ठेवायचा? त्याला काय माहीत, की तो गोंगाट नव्हता!

"एमपीथ्री केल्यावर चांगलं व्हायला पाहिजे होतं ना?" भावानं विचारलं. एमपीथ्री एएमआरपेक्षा वरच्या दर्जाचं, हे त्याचं म्हणणं खरं. पण गुळात पाणी घातलं तर गुळाचं पाणी होतं, उसाचा रस परत होत नाही. एकदा टाकून दिलेलं कुठलंच गणित परत आणत नाही. मला हे आण्णांना सांगायला अवघड गेलं. त्यांनी "बरं" एवढंच म्हटलं आणि जीपचं दार लावलं.

खरं तर माझं काम इथे संपलं होतं. चहा झाला. पण मुलगी विचारात पडलेली. मग म्हणाली, "आमच्या गल्लीत अजून एक आजी आहेत. त्या आणि माझी आजी जोडीनं दळायच्या. त्यांना त्याच ओव्या येतात. आणि आमचं जातं माळ्यावर आहे."

बघा, आठवीतली मुलगी! मी तर पंढरपूरची गाडी तशीच सोडली.

जातं उतरवायला दोन माणसं लागली. शेजारच्या आजी आधी लाजल्या, "आता कुठला गळा आन् काय!" म्हणाल्या. मग लुगड्याचा पदर खोचून बसल्या आणि मुलीच्या आईला समोर खुंट्याला हात लावायला सांगितला. आम्ही फोनवर टिपायचा असा प्रोग्राम घेतला ज्यात 'वेव्ह' नावाची जात निवडता येते. वेव्हमध्ये सहसा काही टाकून देत नाहीत, सीडीसारखे सगळे आकडे राहतात. फोन जमिनीवर ठेवला असता तर जात्याचे हादरे थेट त्याच्यात शिरले असते, म्हणून पाटावर दुहेरी घोंगडी आणि तिच्यावर फोन, आजींच्या तोंडापासून दोन हातांवर. पंखा बंद. कोंबड्या बाहेर. तरी एक ट्रॅक्टर आलाच गाणी वाजवत. त्याला जाऊ दिलं आणि पुन्हा सुरू केलं.

चार मिनिटांची फाइल भरली चाळीस मेगाबाइटच्या वर. भावाला ती उधळपट्टी वाटली. मी म्हटलं, हे बेणं आहे. बेण्याचा ऊस कुणी गुऱ्हाळात घालतं का? बेणं जपून ठेवायचं. जीपसाठी त्याचा गूळ वेगळा करायचा, पाहिजे तेवढ्या वेळा.

(जात्यावरच्या ओव्या जपण्याचं हे काम फार मोठ्या प्रमाणावरही झालेलं आहे, बरं का. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी सहकाऱ्यांबरोबर महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांकडून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. कितीतरींचा आवाजही टिपून ठेवला. २०१७ पासून त्या 'पारी' या संकेतस्थळावर ऐकायला मिळतात. आईला किंवा आजीला बरोबर घेऊन ऐका. तुम्हाला न कळलेले शब्द ती सांगेल.)

संध्याकाळी नव्या फाइलचा गूळ करून जीपमध्ये लावला. या वेळी आधी घरघर आली आणि तिच्यावर आवाज चढला. स्पीकरच्या जाळीवर बोट ठेवलं तर दगड फिरताना कळत होता. आण्णांनी आवाज वाढवला, मग काहीतरी आठवून थोडा कमी केला. पेनड्राइव्हवर आता आधी त्यांच्या आईच्या तीन ओव्या आहेत, नंतर शेजारच्या आजींच्या, आणि मग ती दोनशे गाणी.

परवा मुलीचा फोन आला होता. मूळ फायलींच्या तीन प्रती झाल्यात: एक संगणकावर, एक डब्यातल्या पेनड्राइव्हवर आणि एक आत्याकडे बारामतीला. भाऊ आता कुणाच्याही फाइलचं शेपूट बदलत नाही. आणि अकलूजच्या बाजाराच्या दिवशी एक अडचण झाली, म्हणे. स्टँड आला, सगळे उतरले, पण मागच्या सीटवरच्या दोन म्हाताऱ्या उतरेनात. आण्णा म्हणाले, "आवो मावशी, अकलूज आलं." तर त्या म्हणाल्या, "आलं तर आलं. एवढी ववी संपू दे की!"